साक्षीदार व्हायची वेळ आली तर: काय सांगायचं, काय नाही, आणि सही कधी करायची

घरी समन्स आलं की पहिलं वाक्य ठरलेलंच असतं, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" आई म्हणते, बायको म्हणते आणि शेजारचे अण्णा दारातनंच ऐकवतात की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. आता ही म्हण खटला भरणाऱ्यासाठी आहे बघा, साक्षीदाराला चढतोस का म्हणून कुणी विचारतच नाही, समन्स आलं म्हणजे जायचं. मी बेळगावात कोर्टासमोर टायपिंग आणि बाँड लिहायचं काम करतो, आत जायच्या आधी घाबरलेली आणि बाहेर आल्यावर चिडलेली माणसं रोज बघतो, आणि बहुतेकांचं चिडणं एकाच गोष्टीवरनं असतं, "मी सांगितलं एक अन् लिहिलंय भलतंच". म्हणून जरा सविस्तर लिहितोय. वकील नव्हे मी, तुमच्या केसचं खास काही असलं तर वकिलांनाच विचारा.

आधी एक डोक्यातनं काढून टाका की साक्ष कुणाच्या तरी बाजूनं द्यायची असते. गावात सगळे तसंच बोलतात, "आमच्या बाजूनं साक्ष दे की रे". कायद्याला तुमच्याकडनं एवढंच पाहिजे की जे स्वतःच्या डोळ्यानं बघितलं, स्वतःच्या कानानं ऐकलं तेवढं सांगा. तिसऱ्यानं येऊन सांगितलेलं ते ऐकीव, ते सहसा चालत नाही. आणि "मी एकटा सांगून काय होणार" हेही सोडा, अमुक गोष्टीला इतके साक्षीदार हवेतच असा आकडा भारतीय साक्ष अधिनियमात नाही (कलम १३९), एकाचं पटलं तरी कोर्टाला पुरतं.

बोलायला सोपं आहे हे, खरं करायला अवघड. समजा तुम्ही पिरनवाडीत रस्त्याकडेला चहा पीत उभे आहात, पाठ रस्त्याकडं. मागनं ब्रेकचा आवाज, मग धाडकन, वळून बघता तर बाईक आडवी, पोरगं रस्त्यावर, पुढं थोड्या अंतरावर टेम्पो तिरका थांबलाय आणि ड्रायव्हर खाली उतरतोय. दोन मिनिटांत जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडात एकच, "टेम्पोनं उडवलं, लई जोरात होता". रात्री जेवताना तुम्हीही तेच सांगता, आणि आठ दिवसांनी तुमची स्वतःचीच खात्री पटते की टेम्पो येताना मी बघितलाय. बघितलं किती? ब्रेकचा आवाज ऐकला, आदळल्याचा ऐकला, बाईक कुठं पडली ते बघितलं, टेम्पोचं तोंड कुणीकडं होतं, नंबर काय होता, ड्रायव्हर थांबला का पळाला. टक्कर बघितलेली नाही, स्पीड तर नाहीच नाही. पण म्हणून तुमचं सांगणं हलकं होत नाही. ब्रेक आधी वाजला का धडक आधी झाली यावर केस फिरू शकते, आणि "उडवलं उडवलं" म्हणणाऱ्या पन्नास जणांत ते सांगू शकणारा कदाचित तुम्ही एकटेच.

म्हणून त्याच रात्री वहीत लिहून ठेवा, मराठीतच, तारीख वेळ घालून. लिहून झालं की परत वाचा आणि प्रत्येक वाक्याला विचारा, हे मी बघितलं का लोकांनी सांगितलं. लोकांनी सांगितलेलं असेल तर काट मारा. लगेच लिहिलेला असा कागद साक्षीच्या वेळी बघून आठवण ताजी करता येते (कलम १६२), फक्त तो मग समोरच्या वकिलालाही बघायला मिळतो, तेव्हा सजवून लिहू नका. मोबाईलवर शूटिंग केलं असेल तर मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या, कापू नका, वर गाणं घालू नका, आणि व्हॉट्सॲपवरनं दहा ग्रुपला फिरून आलेली कॉपी म्हणजे मूळ नव्हे. कोर्टात तो व्हिडिओ द्यायचा म्हटलं की साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, फोन कुणाचा, फाईल कशी घेतली, त्याची सही, सोबत एक्स्पर्टचीही. फोन विकून टाकला की मग पुढं काय बोलणार.

जखमीला उचलून दवाखान्यात नेलं तर आपणच अडकतो ही भीती अजून लोकांच्या मनातनं जात नाही. सुप्रीम कोर्टानं २०१६ सालीच मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलंय, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, कर्नाटकाचा तर वेगळा कायदाच आहे. मदत केली म्हणून नाव-पत्ता द्यायची सक्ती तुमच्यावर होत नाही, आणि साक्षीदार व्हायला आपणहून तयार झालात तर पोलिसांनी तुमच्या सोयीच्या वेळी, सोयीच्या जागी येऊन विचारायचं असतं. निपाणी-संकेश्वरच्या हायवेवर ज्यांचं रोजचं येणं-जाणं आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

आता पोलीस जबाब. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, जबाब आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी केस कशी चालवायची ते सांगणारा कायदा) कलम १८० खाली घेतात. बाई असेल, पुरुष साठच्या वर किंवा पंधराच्या आत असेल, अपंग किंवा खूप आजारी असेल तर त्यांना स्टेशनला बोलवायचं नसतं, पोलिसांनी घरी यायचं (कलम १७९), हे नम्रपणे सांगितलं तर बहुतेक वेळा ऐकतात. पोलीस तुमचं मराठी समजतो, लिहितो मात्र कन्नडात, आणि लिहितो थोडक्यात, तुमची वीस वाक्यं तिथं पाच होतात. त्यामुळं उठायच्या आधी म्हणायचं, "साहेब, काय लिहिलंय ते जरा मराठीत सांगा की". जबाबावर तुमची सही लागत नाही, कलम १८१ मध्ये तसं स्पष्टच आहे. पंचनाम्यावर लागते, इकडं पोलीस त्याला महजर म्हणतात, ते वेगळं. तेव्हा सही मागितली तर आधी विचारा, जबाबावर का महजरवर. महजरवर पंच म्हणून सही करायची तर वस्तू खरंच तुमच्या समोर जप्त झाली का, जागा तुम्ही बघितली का, एवढं बघून करा, स्टेशनात बसून तयार कागदावर करू नका. पंचांचं कोर्टात सगळ्यात जास्त हसं होतं ते यावरनंच, "जागा कुठली?" "साहेब, मी स्टेशनलाच होतो."

यानंतर बराच काळ काही होत नाही. वर्ष जातं, दोन जातात, आणि एक दिवस पोलीस समन्स घेऊन दारात. कागद कन्नडात. वाचता येत नसेल तर फोनवर फोटो काढून गूगल लेन्सनं बघा नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोराकडनं वाचून घ्या, इकडची पोरं वाचतात. तीन गोष्टी शोधायच्या, कुठलं कोर्ट, केस नंबर, तारीख. कोर्ट नीट बघा कारण खानापूरच्या कोर्टाचं समन्स हातात घेऊन बेळगावात हॉल शोधत फिरणारी माणसं मी बघितलीत. नंबरच्या आधी सी.सी. असेल तर मॅजिस्ट्रेटकडची फौजदारी, एस.सी. असेल तर सेशन्स, ओ.एस. म्हणजे दिवाणी दावा आणि एम.व्ही.सी. म्हणजे अपघाताचा क्लेम, नुकसानभरपाईचा. अपघातात बऱ्याचदा एकाच साक्षीदाराला दोनदा जावं लागतं, एकदा ड्रायव्हरवरच्या केसमध्ये आणि एकदा क्लेममध्ये, आणि दोन्हीकडं सांगितलेलं जुळलं पाहिजे कारण एकीकडची कॉपी दुसरीकडं येतेच. नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर घालून तारीख खरी आहे का बघता येतं. व्हॉट्सॲपवर "तुम्ही साक्षीदार आहात, व्हिडिओ कॉलवर या, एवढी रक्कम भरा" असं आलं तर तो भामटा, कोर्ट साक्षीदाराकडनं पैसे मागत नाही.

त्या दिवशी जमत नसेल, आजारपण आहे, घरात लग्न आहे, तर आधी सरकारी वकिलांना किंवा कोर्टाच्या ऑफिसात कळवा, कागद जोडून. न सांगता दांडी मारली की वॉरंट निघतं आणि मग तोच पोलीस जरा वेगळ्या आवाजात बोलतो. पुण्याला किंवा गोव्याला नोकरी असेल तर व्हिडिओवरनं साक्ष घ्या म्हणून विनंती करता येते, मान्य करायची का नाही ते जज ठरवतात.

कोर्ट अकराला बसतं. पण अकराला गेलं म्हणजे अकराला नंबर लागला असं नव्हे, पाणी, डबा, गोळ्या सोबत ठेवा. तुमच्या आधीच्या साक्षीदाराची साक्ष चालू असताना तुम्हाला आत बसता येत नाही, बाहेर व्हरांड्यात थांबायचं आणि पुकारा ऐकायचा. नाव कन्नड ढंगानं पुकारतात, आडनाव ओळखू येत नाही कधी कधी, लक्ष ठेवा. बाहेर बसल्या बसल्या दोन्हीकडची माणसं येऊन शेजारी बसतात, चहा सांगतात. चहा स्वतःच्या पैशानं प्या.

भाषेचं सांगतो, सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. आपल्या भागातल्या बहुतेकांना बाजारापुरतं कन्नड येतं, आणि जजसमोर उभं राहिलं की उगीच इम्प्रेशन मारायला किंवा भीतीनं लोक त्या बाजाराच्या कन्नडातच साक्ष द्यायला लागतात. नका देऊ. भाजीचा भाव करणं वेगळं आणि "तो माझ्या डाव्या हाताला होता, खरं त्याच्या हातात काय होतं ते अंधारामुळं दिसलं नाही" हे वाक्य बोलणं वेगळं. शपथ झाली की लगेच म्हणा, "साहेब, मला कन्नड नीट येत नाही, मी मराठीत सांगतो." याला सीमाप्रश्नाचा रंग द्यायची गरज नाही आणि कुणी देतही नाही, कायदाच तसा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१२ प्रमाणं साक्षीदार कोर्टाच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत बोलला तर शक्य असेल तर त्याच भाषेत लिहून घ्यायचं, नाहीतर कोर्टाच्या भाषेत बरोबर भाषांतर करून घ्यायचं. आणि कलम ३१३ प्रमाणं ते साक्षीदाराला वाचून दाखवायचं, त्याला कळणाऱ्या भाषेत.

प्रत्यक्षात काय होतं बघा. वकील विचारतो, तुम्ही म्हणता, "आवाज ऐकून वळून बघितलं तर बाईक पडली होती". जज ते ऐकतात, आपल्या शब्दात टायपिस्टला सांगतात, टायपिस्ट कन्नडात टाईप करतो. तुमचं एक वाक्य असं दोन हातांतनं जातं आणि कागदावर कधी कधी "अपघात झालेला मी पाहिला" होऊन उतरतं. कुणाची लबाडी नसते यात, दिवसाला इतक्या साक्षी असतात. शेवटी प्रिंट समोर येतो, बोट दाखवून क्लार्क म्हणतो, "इल्ली सही माडी", आणि माणूस सुटलो एकदाचा म्हणून करतो. इथं थांबायचं. "साहेब, मराठीत वाचून दाखवा, मग करतो" एवढं म्हणायला धीर लागतो, खरं म्हणा. चुकलेलं वाक्य तिथल्या तिथं सांगा, जज दुरुस्त करतील, नाही केलं तर तुमची हरकत नोंदवून ठेवतील, तशी तरतूद त्याच कलमात आहे. सही झाल्यावर बाहेर येऊन माझ्या टेबलाशी ओरडून काही होत नाही.

उलटतपासणीला लोक फार घाबरतात. समोरचा वकील आवाज चढवतो, ते त्याचं काम आहे, मनावर घेऊ नका, उत्तर जजकडं बघून द्या. त्याची दोन हत्यारं ठरलेली. पहिलं, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं". तुमच्या वीस वाक्यांची पाच झाली होती ना, त्याचा हिशोब इथं होतो. सांगितलं असेल तर "मी सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही मला माहीत नाही" म्हणा, नसेल सांगितलं तर "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही" म्हणा, जे खरं असेल ते. दुसरं, शेवटी शेवटी येणारी वाक्यं, "तुम्ही त्या दिवशी तिथं नव्हताच हे म्हणणं खरं नाही, हे खोटं आहे काय?" असलं काहीतरी, होय म्हटलं तरी अडकतो नाही म्हटलं तरी अडकतो. कन्नडात तर नुसतं "सरी" (बरोबर) का "सरियल्ल" (बरोबर नाही) एवढंच मागतात. घाई नाही. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांगा, आणि होय-नाहीच्या भानगडीत न पडता पूर्ण वाक्य बोला, "मी त्या दिवशी तिथं होतो". कुणी अंतर विचारलं, वेळ विचारली, शर्टाचा रंग विचारला आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. दोन वर्षांनी शर्टाची बटणं सांगणाऱ्या साक्षीदारावर जजचा विश्वास उलट कमीच बसतो. आणि "सरकारी वकिलांनी तुम्हाला तुमचा जबाब आधी वाचून दाखवला का" असं विचारलं आणि दाखवला असेल तर हो म्हणा की, त्यात लपवायचं काय.

दिवाणी दाव्यात, म्हणजे बांधाचा वाद, वाटणी, वहिवाट यात पद्धत वेगळी. २००२ च्या दुरुस्तीनंतर तिथं सरतपासणी, म्हणजे ज्यानं बोलावलं त्याच्या बाजूनं होणारी पहिली साक्ष, तोंडी होत नाही, ॲफिडेव्हिटवर होते. वकील मजकूर काढतात, आमच्यासारखे टाईप करतात, साक्षीदार सही करतो आणि मग उलटतपासणीला उभा राहतो. आता तो मजकूर कन्नडात किंवा इंग्रजीत, साक्षीदार सातवी मराठी, आणि पहिला प्रश्न येतो, "यात काय लिहिलंय सांगा". गप्प. सगळं तिथंच संपतं. माझ्याकडं आलेल्या माणसाला मी आधी वाचून दाखवतो, कुणाला उशीर होतो म्हणून राग आला तरी. आणि खाली "मला मराठीत वाचून समजावून सांगितले" ही ओळ घालायला सांगा, खरंच समजावलं असेल तरच. शेताच्या साक्षीला जायच्या आधी एकदा शेतात जाऊन या, चारी बाजूंना कुणाची जमीन, विहीर कुठल्या कोपऱ्यात, नांगर कोण धरतं, बघून या. चतुःसीमेचा प्रश्न हमखास येतो आणि तिथं लहानपणापासनं शेजारी राहणाराही पूर्व-पश्चिम चुकतो.

कागदावर साक्षीदार म्हणून सही करणंही साक्षच आहे, लोकांना वाटतं ओळखीसाठी केली. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, बक्षीसपत्रालाही दोन. मृत्युपत्र करणाऱ्यानं तुमच्या समोर सही केली पाहिजे किंवा ही माझीच सही असं तुम्हाला सांगितलं पाहिजे, आणि तुम्ही त्याच्या समोर करायची. पुढं भांडण झालं तर तुमच्यापैकी एकाला तरी कोर्टात येऊन ते सांगावं लागतं. म्हणून मी तर नेहमी सांगतो, ऐंशीच्या आजोबांच्या मृत्युपत्राला त्यांचे ऐंशीचे मित्र नका आणू, चाळिशीतला, गावात राहणारा, हिस्सा न मिळणारा माणूस आणा.

खोट्याचं थोडक्यात. "क्लेममध्ये नुसतं उभं राहा, बघितलं म्हण, पोराच्या आईला चार पैसे मिळतील" असं सांगायला चांगली माणसंच येतात, पावणेच असतात बहुतेक, म्हणून नाही म्हणणं जड जातं. कोर्टात खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे (न्याय संहिता कलम २२९). आणि उलटंही, बघितलेलं असून दबावाखाली "मला काही माहीत नाही" म्हणणारा फितूर, सरकारी वकीलच मग त्याची उलटतपासणी घेतो. धमकी येत असेल तर लपवू नका. पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि सरकारी वकिलांना सांगा. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडं अर्ज जातो, पोलिसांकडनं धोक्याचा रिपोर्ट मागवतात, आणि गरजेप्रमाणं बंदोबस्त, पडद्याआडनं साक्ष, नाव गुप्त ठेवणं असं काय काय देता येतं. अर्ज कसा करायचा कळत नसेल तर कोर्टातच जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००, फुकट सांगतात.

साक्ष झाली की घाईनं बसस्टँडकडं पळू नका. फौजदारीत साक्षीदाराला जायचा-यायचा खर्च, बत्ता, मागता येतो, दिवाणीत ज्यानं बोलावलं त्यानं तो आधी कोर्टात भरायचा असतो. रक्कम मोठी नसते, खरं अथणीहून आलेल्या माणसाचा अख्खा दिवस गेलेला असतो, तिकिटं जपून ठेवा आणि बेंच क्लार्कना विचारा. नोकरीवाल्यांनी त्याच टेबलावरनं आज कोर्टात हजर होतो असा शिक्क्याचा दाखला मागून घ्या, तिथल्या तिथं मिळतो, दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी परत बेळगाव गाठायचं म्हटलं तर आणखी एक रजा जाते.